परवानगी नेमकी कोणाकडे नाही? डिस्कॉर्ड बॉटच्या कमांडमधले परमिशन एरर हाताळताना

मॉडरेटर ‘!काढ’ ही कमांड देतो आणि काहीच घडत नाही. सदस्य जागच्या जागी, बॉट गप्प. तो पुन्हा तेच टाइप करतो, मग ॲडमिनला टॅग करतो, ॲडमिन बॉट चालवणाऱ्याला गाठतो आणि शेवटी होस्टिंगच्या लॉगमध्ये एक ओळ सापडते: ‘४०३ फॉरबिडन, एरर कोड ५००१३, मिसिंग परमिशन्स’. ही ओळ दिसली की बरेच जण बॉटच्या रोलवर (रोल म्हणजे सदस्याला किंवा बॉटला दिलेला परवानग्यांचा गठ्ठा) ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ चालू करून मोकळे होतात. त्याने कधी काम होतं, कधी होत नाही. आणि झालं तरी अख्ख्या सर्व्हरच्या किल्ल्या एका टोकनवर, म्हणजे बॉटच्या पासवर्डवर, टांगून ठेवल्यासारखं होतं. टोकन फुटलं की सर्व्हर गेला.

परमिशन एरर हाताळायचा म्हणजे एका प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं: परवानगी नेमकी कोणाकडे नाही? कमांड देणाऱ्या माणसाकडे, बॉटकडे, की दोघांकडे असूनही रोलच्या उतरंडीमुळे डिस्कॉर्डने नकार दिला? तिन्हींचा उपाय वेगळा, आणि तो करू शकणारा माणूसही वेगळा. ‘एरर आला’ एवढंच सांगणारा बॉट तिघांनाही ताटकळत ठेवतो.

इथलं सगळं विवेचन पायथनच्या डिस्कॉर्ड डॉट पाय या लायब्ररीबद्दल आहे, आवृत्ती २.० आणि पुढची. कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत आणि अंडरस्कोर जिथल्या तिथे ठेवले आहेत, म्हणजे एडिटरमध्ये शोधायला अडचण येणार नाही.

तीन नकार, आणि एक फसवं नाव

पहिला नकार लायब्ररीच देते. कमांडवर `हॅज_परमिशन्स` हा चेक, म्हणजे कमांड चालण्याआधी होणारी तपासणी, लावला असेल आणि कमांड देणाऱ्याकडे ती परवानगी नसेल, तर `मिसिंगपरमिशन्स` हा एरर उठतो. तुमच्या फंक्शनची एकही ओळ तोवर चाललेली नसते, डिस्कॉर्डला विनंतीही गेलेली नसते.

दुसराही लायब्ररीचाच. `बॉट_हॅज_परमिशन्स` लावलं असेल आणि बॉटकडे परवानगी नसेल, तर `बॉटमिसिंगपरमिशन्स` येतो. चेक लावलाच नसेल तर हा एरर कधीच येत नाही. त्याऐवजी तिसरा येतो.

तिसरा डिस्कॉर्डच्या सर्व्हरकडून: `डिस्कॉर्ड.फॉरबिडन`, म्हणजे एचटीटीपी ४०३. तुमचं फंक्शन चालू झालं, त्याने सदस्याला काढायची विनंती पाठवली आणि पलीकडून नाही म्हटलं गेलं. हा एरर हँडलरपर्यंत, म्हणजे एरर आल्यावर चालणाऱ्या तुमच्या फंक्शनपर्यंत, उघडा येत नाही. तो `कमांडइन्व्होकएरर` या वेष्टनात येतो आणि खरा एरर त्याच्या `ओरिजिनल` या गुणधर्मात असतो.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक इथे होते. डिस्कॉर्डच्या ५००१३ या कोडसोबतचा मजकूर आहे ‘मिसिंग परमिशन्स’, आणि लायब्ररीतल्या पहिल्या एररच्या क्लासचं नावही तेच. त्यामुळे लोक हँडलरमध्ये ‘एरर `मिसिंगपरमिशन्स` प्रकारचा आहे का’ एवढंच तपासतात आणि ५००१३ का पकडला जात नाही याचा शोध घेत बसतात. नाव एक, अर्थ दोन. क्लास सांगतो की माणसाकडे परवानगी नाही. ५००१३ सांगतो की बॉटला हे काम करता येत नाही. हँडलर लिहिण्याआधी हा फरक डोक्यात पक्का बसायला हवा.

`फॉरबिडन` आला की त्याचा `कोड` वाचायचा. नेहमी भेटणारे चार:

५०००१, मिसिंग ॲक्सेस. बॉटला ते चॅनेलच दिसत नाही. खाजगी चॅनेलमध्ये बॉटचा रोल घालायचा राहिलेला असतो.

५००१३. चॅनेल दिसतं, पण हे काम करायची परवानगी नाही, किंवा समोरच्याचा रोल बॉटच्या वर आहे. दोन्हींना एकच कोड मिळतो, म्हणून नुसत्या कोडवरून निदान होत नाही.

५०००७. समोरच्याला डीएम (खाजगी मेसेज) पाठवता येत नाही. त्याने डीएम बंद ठेवले आहेत किंवा बॉटला ब्लॉक केलं आहे. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. पकडा आणि पुढे चला.

६०००३. सर्व्हरने मॉडरेशनसाठी दोन टप्प्यांची पडताळणी सक्तीची केली आहे आणि बॉटच्या मालकाच्या खात्यावर ती चालू नाही. रोलमधले सगळे टॉगल हिरवे असूनही बॉट अडतो तेव्हा हे आधी बघा.

चेक कुठले आणि कुठे लावायचे

प्रत्येक कमांडसाठी दोन प्रश्न: ही कोणी द्यावी, आणि ती पार पाडायला बॉटला काय लागतं? पहिल्याचं उत्तर `हॅज_परमिशन्स` मध्ये, दुसऱ्याचं `बॉट_हॅज_परमिशन्स` मध्ये. ‘काढ’ कमांडला दोन्हीकडे `किक_मेंबर्स` हवं. ‘साफ’ या मेसेज पुसणाऱ्या कमांडला माणसाकडे `मॅनेज_मेसेजेस` पुरे, पण बॉटला त्यासोबत `रीड_मेसेज_हिस्ट्री` सुद्धा लागतं. हे दुसरं विसरलं तर कुठलाच एरर येत नाही: डिस्कॉर्ड जुन्या मेसेजची रिकामी यादी देतं आणि बॉट आनंदाने ‘० मेसेज पुसले’ म्हणतो. अशा गप्प बसणाऱ्या परवानग्यांसाठी तरी आधीच चेक लावाच. उत्तर एम्बेडमध्ये, म्हणजे चौकटीतल्या सजवलेल्या मेसेजमध्ये, देत असाल तर `एम्बेड_लिंक्स` हवं, नाहीतर साध्या उत्तरालाही ५००१३ मिळेल. थ्रेडमध्ये बोलायला ‘सेंड मेसेजेस इन थ्रेड्स’ हा वेगळा टॉगल आहे.

परवानगीचं नाव चुकीचं लिहिलं तर बॉट सुरू होतानाच `टाइपएरर` देतो. ही सोय आहे. चूक रात्री तीनला, कोणी कमांड दिल्यावर कळत नाही.

आता बारकावा. `हॅज_परमिशन्स` त्या चॅनेलपुरती परवानगी बघतं, चॅनेलवरचे ओव्हरराइड, म्हणजे त्या चॅनेलपुरते वेगळे दिलेले होकार-नकार, धरून. `हॅज_गिल्ड_परमिशन्स` अख्ख्या सर्व्हरवरची बघतं (कोडमध्ये सर्व्हरला ‘गिल्ड’ म्हणतात). समजा एका सदस्याला फक्त ‘कविता’ चॅनेलमध्ये ओव्हरराइडने ‘मॅनेज मेसेजेस’ दिलं आहे. तुमची ‘बंदी-शब्द’ कमांड सगळ्या सर्व्हरची शब्दयादी बदलते आणि तिच्यावर `हॅज_परमिशन्स` आहे. तो सदस्य ‘कविता’ चॅनेलमध्ये बसून सगळ्या सर्व्हरचे नियम बदलू शकतो. जी कमांड एका चॅनेलबाहेर परिणाम करते तिला `हॅज_गिल्ड_परमिशन्स` लावायचं. याची उलट बाजू म्हणजे मॉडरेटरची तक्रार: ‘माझ्याकडे परवानगी आहे तरी बॉट नाही म्हणतो’. तिथे बहुधा त्या चॅनेलवर त्याच्या रोलला लाल फुली असते.

सर्व्हरशिवाय अर्थ नसलेल्या कमांडला `गिल्ड_ओन्ली` लावा. डीएममधून कमांड आली की स्वच्छ `नोप्रायव्हेटमेसेज` येतो आणि पुढच्या कोडला `गिल्ड` रिकामं असण्याची धास्ती राहत नाही.

क्रमाचा एक फायदा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. साध्या, प्रीफिक्स (सुरुवातीला ‘!’ सारखं चिन्ह) असलेल्या कमांडमध्ये चेक आधी होतात, मग कूलडाउन, म्हणजे दोन वापरांमध्ये सक्तीने थांबायचा वेळ, मोजला जातो. म्हणजे परवानगी नसलेल्याचा प्रयत्न कूलडाउन खात नाही. पण फंक्शन सुरू झाल्यावर आलेला `फॉरबिडन` मात्र खातो. मॉडरेटरची चूक नसताना त्याला मिनिटभर थांबवणं बरं नाही. हँडलरमध्ये `रीसेट_कूलडाउन` बोलवा.

रोलची उतरंड: सगळे टॉगल चालू, तरी नकार

बॉट ज्याला काढणार, बंदी घालणार, टाइमआउट देणार किंवा ज्याचं टोपणनाव बदलणार, त्याचा सर्वांत वरचा रोल बॉटच्या सर्वांत वरच्या रोलच्या खाली असावा लागतो. रोल देताना-काढतानाही तसंच: तो रोल बॉटच्या वरच्या रोलखाली हवा. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ दिल्याने ही उतरंड ओलांडता येत नाही, आणि सर्व्हरच्या मालकावर तर कुठल्याही बॉटचं काही चालत नाही. नव्याने आणलेल्या बॉटचा रोल यादीत अगदी तळाला, ‘एव्हरीवन’च्या वर येऊन बसतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी ज्याच्याकडे एखादा रंगाचा रोल आहे अशा कुठल्याही सदस्यावर बॉट अडतो आणि परवानग्या तर सगळ्या दिलेल्या असतात.

म्हणून विनंती पाठवण्याआधी कमांडच्या आत या क्रमाने तपासा:

१. सदस्य हा सर्व्हरचा मालक आहे का? असेल तर थांबा, तसं सांगा.

२. सदस्य म्हणजे बॉट स्वतः किंवा कमांड देणारा स्वतःच आहे का?

३. `मेंबर.टॉप_रोल` हा `गिल्ड.मी.टॉप_रोल` च्या बरोबरीचा किंवा वर आहे का? असेल तर बॉटला जमणार नाही. ‘मोठा किंवा समान’ अशी तुलना करा. बरोबरीच्या रोलवरही बॉटचं चालत नाही.

४. `मेंबर.टॉप_रोल` हा कमांड देणाऱ्याच्या `टॉप_रोल` च्या बरोबरीचा किंवा वर आहे का, आणि कमांड देणारा मालक नाही ना? असेल तर नकार द्या.

चौथी पायरी सगळ्यांत जास्त वेळा राहून जाते, आणि तीच सगळ्यांत धोक्याची आहे. डिस्कॉर्डच्या लेखी सदस्याला बॉट काढतो आहे, त्यामुळे ते बॉटचा रोल तपासतं. मागून हुकूम देणाऱ्याचा रोल त्याला माहीतच नसतो. बॉटचा रोल तुम्ही वर ओढलात की ‘किक मेंबर्स’ असलेला कनिष्ठ मॉडरेटर बॉटच्या आडून आपल्या वरिष्ठाला बाहेर काढू शकतो, जे त्याला स्वतःच्या हाताने कधीच जमलं नसतं. ही तपासणी फक्त तुम्हीच करू शकता. रोल वाटणाऱ्या कमांडलाही हाच नियम: माणसाला बॉटकडून फक्त त्याच्या स्वतःच्या सर्वांत वरच्या रोलखालचेच रोल देता यावेत.

रोल देताना आणखी एक अट. `रोल.मॅनेज्ड` खरं असेल, म्हणजे तो दुसऱ्या बॉटचा किंवा बूस्टरचा रोल असेल, तर तो हाताने देता येत नाही. आणि बॉट नवा रोल बनवत असेल तर जी परवानगी त्याच्याकडे नाही ती त्या रोलला देता येत नाही.

हँडलर

एरर तीन पातळ्यांवर पकडता येतो: त्या कमांडचा स्वतःचा हँडलर, कॉगचा (एकत्र ठेवलेल्या कमांडच्या क्लासचा) `कॉग_कमांड_एरर` आणि सगळ्यांसाठीचा `ऑन_कमांड_एरर`. खालच्या पातळीवर एरर हाताळला तरी `ऑन_कमांड_एरर` ही घटना घडतेच. म्हणून एकाच चुकीवर दोन उत्तरं येतात. परमिशनचे एरर सगळ्या कमांडमध्ये सारखेच असल्यामुळे ते एकाच जागी, `ऑन_कमांड_एरर` मध्ये हाताळणं शहाणपणाचं. कमांडचा स्वतःचा हँडलर खास गोष्टींपुरता ठेवा.

त्याच्या आत हा क्रम:

१. कमांडला किंवा कॉगला स्वतःचा हँडलर असेल तर परत फिरा. `हॅज_एरर_हँडलर` हे दोघांवरही मिळतं. कमांड सापडलीच नसेल तर `कमांड` रिकामं असतं, ते आधी बघा.

२. वेष्टन काढा. `ओरिजिनल` मिळेपर्यंत लूपमध्ये आत शिरा, एकदाच नको. हायब्रिड कमांड (‘!’ ने आणि ‘/’ ने, दोन्ही रीतींनी चालणारी) स्लॅशने दिली तर `हायब्रिडकमांडएरर` च्या आत `कमांडइन्व्होकएरर` आणि त्याच्या आत `फॉरबिडन` अशी तीन थरांची पुडी येते.

३. `कमांडनॉटफाउंड` वर गप्प राहा. कोणी सहज ‘!’ ने वाक्य सुरू केलं तर बॉटने मध्ये बोलू नये.

४. `मिसिंगपरमिशन्स`, मग `बॉटमिसिंगपरमिशन्स`, मग `नोप्रायव्हेटमेसेज`, `मिसिंगरोल`, आणि सगळ्यात शेवटी `चेकफेल्युअर`. हे सगळे `चेकफेल्युअर` चीच पिल्लं आहेत. तो वर ठेवलात तर खालच्यांपर्यंत कधी पोहोचणारच नाही.

५. `फॉरबिडन`: कोड बघून उत्तर.

६. बाकी जे काही उरलं ते पूर्ण ट्रेसबॅकसह (एरर कोडच्या कुठल्या ओळींतून आला त्या यादीसह) लॉगमध्ये, आणि माणसाला ‘काहीतरी बिघडलं, नोंद केली आहे’.

सहावी पायरी टाळू नका. `ऑन_कमांड_एरर` तुम्ही लिहिला की लायब्ररीचा मूळ हँडलर, जो ट्रेसबॅक छापायचा, बाजूला होतो. परमिशनचे दोन एरर पकडले आणि बाकी सोडून दिले तर ते बाकीचे कायमचे गिळले जातात. नंतर डेटाबेस बंद पडला तरी लॉग कोरा.

आता खरी अडचण: उत्तर पाठवायचं कुठे? बॉटला त्या चॅनेलमध्ये ‘सेंड मेसेजेस’ नसेल तर ‘मला परवानगी नाही’ हे सांगतानाच हँडलरला नवा `फॉरबिडन` मिळतो. म्हणून उत्तर पाठवण्यासाठी एक छोटं वेगळं फंक्शन करा. ते आधी चॅनेलमध्ये पाठवून बघतं. नकार आला तर मूळ मेसेजवर कुलपाची रिॲक्शन देतं, ज्याला ‘ॲड रिॲक्शन्स’ आणि ‘रीड मेसेज हिस्ट्री’ लागतात. तेही नाही जमलं तर कमांड देणाऱ्याला डीएम. डीएमला ५०००७ आला तर लॉगमध्ये एक ओळ, आणि तिथेच थांबायचं. प्रत्येक पायरी आपापल्या ‘ट्राय’मध्ये. प्रीफिक्स कमांडचं नकाराचं उत्तर `डिलीट_आफ्टर` १५ सेकंद ठेवून पाठवलं तर चॅनेल भरून जात नाही.

लॉगची ओळ अशी असेल तर दुसऱ्या दिवशीही निदान होतं:

कमांड=काढ | प्रकार=फॉरबिडन | कोड=५००१३ | चॅनेल-आयडी | देणाऱ्याचा आयडी | बॉटचा वरचा रोल: स्थान ४ | सदस्याचा वरचा रोल: स्थान ६

शेवटचे दोन आकडे बघताच कळतं की टॉगलशी खेळण्यात अर्थ नाही, रोल वर ओढायचा आहे.

नकार पकडणं बॉटच्या जिवासाठीही गरजेचं आहे. डिस्कॉर्ड ४०१, ४०३ आणि ४२९ ही उत्तरं मोजतं. एका आयपी पत्त्यावरून १० मिनिटांत अशी १०,००० झाली की तो पत्ता काही काळ बंद होतो, आणि त्या होस्टवरचे तुमचे बाकीचे बॉटही त्यात सापडतात. ‘सर्वांना रोल दे’ अशी कमांड हजारो सदस्यांवर लूप फिरवते आणि प्रत्येकाला ४०३ मिळत जातो, तेव्हा हा आकडा दूर राहत नाही. लूपच्या आधी रोलचं स्थान आणि ‘मॅनेज रोल्स’ तपासा, आणि लूपमध्ये पहिला `फॉरबिडन` आला की बाहेर पडा. रोल देण्याची परवानगी पाचव्या सदस्यावर नसेल तर पाच हजाराव्यावरही नसते.

माणसाला काय सांगायचं

एररसोबत `मिसिंग_परमिशन्स` ही यादी मिळते, पण तिच्यातली नावं कोडची असतात. ती तशीच चिकटवली तर ॲडमिन पडद्यावर ते नाव शोधत बसतो आणि त्याला सापडत नाही. कोडमधलं `मॅनेज_गिल्ड` सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज सर्व्हर’ असतं. `मॉडरेट_मेंबर्स` तिथे ‘टाइमआउट मेंबर्स’ नावाने आहे. `मॅनेज_रोल्स` सर्व्हरच्या रोलमध्ये ‘मॅनेज रोल्स’, पण चॅनेलच्या सेटिंगमध्ये ‘मॅनेज परमिशन्स’. एक डिक्शनरी बनवून ठेवा: डावीकडे कोडमधलं नाव, उजवीकडे पडद्यावरचं. वीसेक नोंदींत काम भागतं. डिस्कॉर्ड ॲप हिंदीत मिळतं, मराठीत नाही. म्हणून वाक्य मराठी ठेवा पण टॉगलचं नाव पडद्यावर दिसतं तेच द्या. त्याचं ‘सदस्य निष्कासन अधिकार’ असं भाषांतर केलं तर शोधणाऱ्याची पंचाईत होते.

तीन नकारांची तीन उत्तरं, शक्यतो अशी:

‘ही कमांड वापरायला “किक मेंबर्स” परवानगी लागते, ती तुमच्या रोलला नाही. हवी असल्यास ॲडमिनशी बोला.’

‘मला या चॅनेलमध्ये “मॅनेज मेसेजेस” परवानगी नाही, म्हणून मेसेज पुसता आले नाहीत. ॲडमिनसाठी: चॅनेल सेटिंग्ज, परमिशन्स, तिथे माझा रोल.’

‘या सदस्याचा “जुनेजाणते” हा रोल माझ्या रोलच्या वर आहे. ॲडमिनने सर्व्हर सेटिंग्जच्या रोल्स यादीत माझा रोल त्याच्या वर ओढला तर हे काम होईल.’

पहिलं उत्तर कमांड देणाऱ्यासाठी आहे, उरलेली दोन ॲडमिनसाठी. मॉडरेटर त्याचा स्क्रीनशॉट काढून ॲडमिनला पाठवू शकला पाहिजे आणि ॲडमिनला पुढे काही विचारावं लागू नये. रोलचं नाव छापताना `अलाउडमेन्शन्स.नन` लावा; रोलच्या नावात मेन्शन दडलेलं असेल तर नकाराच्या उत्तराने दोनशे लोकांचे फोन वाजायला नकोत.

स्लॅश कमांडमध्ये काय बदलतं

बरंच सोपं होतं. इंटरॅक्शनचं, म्हणजे ‘/’ ने दिलेल्या कमांडचं, उत्तर द्यायला बॉटला त्या चॅनेलमध्ये ‘सेंड मेसेजेस’ लागत नाही, आणि `एफेमेरल` ठेवलं तर ते फक्त कमांड देणाऱ्यालाच दिसतं. डीएमची कसरत संपली. पण उत्तर ३ सेकंदांत जायला हवं. काम लांबणार असेल तर आधी `डिफर` करा (उत्तर थोड्या वेळाने येईल असं डिस्कॉर्डला कळवा), मग फॉलोअपसाठी १५ मिनिटं मिळतात. `डिफर` करतानाच `एफेमेरल` ठरवा, कारण पहिल्या फॉलोअपला तेच लागू होतं. सगळ्यांना दिसेल असं `डिफर` केलं असेल तर नकारही सगळ्यांना दिसतो. म्हणून चेक आणि उतरंडीची तपासणी `डिफर`च्या आधी.

हँडलर `ट्री.एरर` वर लावतात (ट्री म्हणजे बॉटच्या स्लॅश कमांडचा साठा). त्यात आधी `रिस्पॉन्स.इज_डन` बघायचं: उत्तर गेलं असेल तर फॉलोअप, नाहीतर साधं उत्तर. आणि चेक वेगळ्या जागेतून घ्यायचे, `ॲप_कमांड्स.चेक्स` मधून. प्रीफिक्सवाला `हॅज_परमिशन्स` स्लॅश कमांडवर चिकटवला तर तो काहीच अडवत नाही, आणि हे ओरडून सांगणारा एररही येत नाही. एररचे क्लासही वेगळे आहेत; नाव तेच, घर वेगळं. `हॅज_गिल्ड_परमिशन्स` स्लॅशसाठी नाहीच, तिथे `इंटरॅक्शन.यूजर.गिल्ड_परमिशन्स` स्वतः तपासा.

`डिफॉल्ट_परमिशन्स` हा डेकोरेटर बऱ्याच जणांना चेकच वाटतो. तो फक्त डिस्कॉर्डला सुचवतो की ही कमांड सुरुवातीला कोणाला दिसावी. ॲडमिन सर्व्हर सेटिंग्जमधल्या ‘इंटिग्रेशन्स’मध्ये जाऊन ते हवं तसं बदलू शकतो, आणि तो त्याचा हक्क आहे. उपकमांडवर हा डेकोरेटर लावून काही उपयोग होत नाही, तो मुख्य कमांडवरच चालतो. आणि बदलला की ट्री पुन्हा सिंक करावा लागतो. माणसं काढणाऱ्या, बंदी घालणाऱ्या कमांडला `डिफॉल्ट_परमिशन्स` आणि चेक दोन्ही ठेवा. मतदान, आठवण, स्वागत अशा हलक्या कमांडला फक्त `डिफॉल्ट_परमिशन्स` ठेवा. तिथेही कोडमध्ये चेक घातला तर ॲडमिनने इंटिग्रेशन्समध्ये ‘स्वयंसेवक’ रोलला कमांड दिलेली असते, त्या सदस्याला ती दिसते, तो ती देतो आणि बॉट नकार देतो.

कमांडचं नाव मराठीत ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा. स्लॅश कमांडच्या नावांच्या नियमात देवनागरी लिपीला खास परवानगी आहे, १ ते ३२ अक्षरं, मधे स्पेस नाही. काना-मात्रा वेगवेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे दिसतं त्याहून नाव लांब भरतं. प्रीफिक्स कमांडच्या मराठी नावांना मात्र रोमन उपनाव जोडून ठेवा. वेगवेगळ्या कीबोर्डवरून तेच जोडाक्षर वेगळ्या कोडनी टाइप होऊ शकतं, आणि मग ‘बॉट मला परवानगी देत नाही’ ही तक्रार खरं तर `कमांडनॉटफाउंड` ची असते.

सर्व्हरवर कारण शोधताना

डिस्कॉर्ड परवानगीचा हिशोब ठरलेल्या क्रमाने करतं. आधी ‘एव्हरीवन’ आणि सदस्याचे सगळे रोल यांची बेरीज. त्यात ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ असेल तर सगळं मिळालं, पुढचं बघायचं नाही. नसेल तर चॅनेलवरचे ओव्हरराइड: आधी ‘एव्हरीवन’चे, मग त्याच्या सगळ्या रोलचे नकार एकत्र, त्यावर त्या रोलचे होकार एकत्र, आणि शेवटी त्या एका सदस्यावरचे. शेवटचा जिंकतो. चॅनेलवर एका रोलला नकार आणि दुसऱ्याला होकार असेल तर होकार टिकतो. रोल यादीत वर की खाली याचा इथे काहीही संबंध नाही. उतरंड आणि ओव्हरराइड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ झाली की ॲडमिन तासभर रोल वरखाली ओढत बसतो.

हा हिशोब हाताने करू नका. फक्त ॲडमिनसाठी ‘तपास’ नावाची एक कमांड बॉटमध्ये ठेवा. ती `चॅनेल.परमिशन्स_फॉर` ला `गिल्ड.मी` देते आणि बॉटला लागणाऱ्या प्रत्येक परवानगीपुढे आहे किंवा नाही ते छापते, शिवाय बॉटच्या वरच्या रोलचं स्थान. वाचताना एवढं ध्यानात ठेवा: ‘सेंड मेसेजेस’ बंद असेल तर लायब्ररी ‘एम्बेड लिंक्स’ आणि ‘अटॅच फाइल्स’ सुद्धा बंद दाखवते, आणि चॅनेल दिसतच नसेल तर सगळंच. यादी लांब आली तर वरून सुरुवात करा: आधी ‘व्ह्यू चॅनेल’, मग ‘सेंड मेसेजेस’. तेवढ्याने बाकीच्या ओळी बहुतेक आपोआप सुटतात.

काही नकार परमिशनसारखे दिसतात पण तसे नसतात. २८ दिवसांपेक्षा लांब टाइमआउट, किंवा १४ दिवसांहून जुने मेसेज एकगठ्ठा पुसणं, याला ४०० मिळतो आणि तो `फॉरबिडन` नसून `एचटीटीपीएक्सेप्शन` असतो. त्याला ‘परवानगी नाही’ असं उत्तर देऊ नका. ॲडमिन नसलेला दोष शोधत बसेल. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ असलेल्याला टाइमआउट देता येत नाही, तेही आधीच तपासून वेगळ्या शब्दांत सांगा.

बॉटला बोलवायच्या लिंकमध्ये परवानग्यांचा आकडा असतो, प्रत्येक परवानगीचं एक बिट. ‘किक मेंबर्स’ २, ‘बॅन मेंबर्स’ ४, ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ ८, ‘व्ह्यू चॅनेल’ १०२४, ‘सेंड मेसेजेस’ २०४८, ‘मॅनेज मेसेजेस’ ८१९२, ‘एम्बेड लिंक्स’ १६३८४, ‘रीड मेसेज हिस्ट्री’ ६५५३६. ‘काढ’ आणि ‘साफ’ एवढ्याच कमांड असलेल्या बॉटला २ + १०२४ + २०४८ + ८१९२ + १६३८४ + ६५५३६ = ९३१८६ पुरतात. लिंकमध्ये नुसता ८ दिसला तर तो बदला.

चाचणी दुसऱ्या खात्याने

सर्व्हरच्या मालकाला सगळ्या परवानग्या असतात, त्यामुळे स्वतःच्या सर्व्हरवर स्वतःच्या खात्याने केलेल्या चाचणीत `मिसिंगपरमिशन्स` कधी दिसतच नाही. चाचणीचा वेगळा सर्व्हर, त्यात कमांड द्यायला दुसरं खातं, जिच्यावर कमांड चालवायची ती सदस्य म्हणून आणखी एक खातं आणि तीन रोल लागतात: कनिष्ठ, बॉट, वरिष्ठ, याच क्रमाने खालून वर. मग प्रत्येक कमांड दुसऱ्या खात्याने द्या: रोल नसताना; कनिष्ठ रोलला परवानगी देऊन; वरिष्ठ रोलच्या सदस्यावर; मालकावर; बॉटची ती परवानगी काढून; बॉटचं ‘सेंड मेसेजेस’ काढून; आणि डीएममधून. कनिष्ठ मॉडरेटरने बॉटकरवी वरिष्ठाला काढायचा प्रयत्न बॉटचा रोल तात्पुरता सगळ्यांच्या वर ठेवून करून बघा. तिथे सदस्य खरोखर बाहेर गेला तर चौथी पायरी राहून गेली आहे, आणि बॉट दुसऱ्या कुठल्याही सर्व्हरवर नेण्याआधी ती घाला.